आफ्रिकेतला न्यूजप्रिंटचा व्यापार: किमतींच्या तुलनेच्या प्रकल्प नोंदी

१२ जून

आज काम सुरू केलं. आफ्रिकेतल्या ५४ देशांनी एकमेकांकडून आणि बाहेरून किती रकमेचा न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्र छापायचा कागद, घेतला, किती विकला, हे १९९५ पासून वर्षावार मांडायचं आणि देशादेशांची तुलना होईल असा नकाशा करायचा. आकडे माझ्याकडे, नकाशा आतेभावाकडे.

विषय माझ्या डोक्यात बसला तो विंडहुकमुळे. एप्रिल-मे १९९१ मध्ये नामिबियाच्या या राजधानीत युनेस्कोच्या पुढाकाराने आफ्रिकी पत्रकार जमले. ३ मे रोजी त्यांनी जो जाहीरनामा मंजूर केला, त्याच्यावरून आज ३ मे हा जागतिक वृत्तपत्र स्वातंत्र्य दिन पाळला जातो. त्यात स्वतंत्र वृत्तपत्राची जी व्याख्या आहे, तिच्यात सरकार, राजकारण आणि पैसा यांच्या ताब्याबरोबर आणखी एका ताब्याचा उल्लेख आहे: वर्तमानपत्र काढायला आणि पोचवायला लागणाऱ्या सामग्रीवरचा ताबा. या सामग्रीत कागद पहिला. लेख लिहिणारा कितीही धीट असला तरी रीळ आलं नाही तर उद्याचा अंक निघत नाही. म्हणून कोणाचा कागद कुठून येतो हे मला मोजून पाहायचंय.

आकडे तीन ठिकाणचे घेणार. संयुक्त राष्ट्रांचा कॉमट्रेड हा देशांनी कळवलेल्या व्यापाराच्या आकड्यांचा साठा, अन्न व कृषी संघटनेची वनउत्पादनांची आकडेवारी, आणि पॅरिसच्या सेपी संस्थेने आयातदार-निर्यातदार अशा दोन्ही बाजूंच्या नोंदी जुळवून तयार केलेला संच. या शेवटच्या संचातली सर्वांत जुनी मालिका १९९५ पासून आहे, म्हणून आमचंही सुरुवातीचं वर्ष तेच.

१३ जून

पहिला प्रश्न: न्यूजप्रिंट म्हणायचं कशाला? छापखान्यात हा प्रश्न पडत नाही. सीमाशुल्काच्या पुस्तकात पडतो.

सीमाशुल्काच्या वर्गीकरणात न्यूजप्रिंटचा कोड ४८०१. संयुक्त राष्ट्रांच्या आकडेवारीसाठीच्या दुसऱ्या वर्गीकरणात ६४१.१. व्याख्या वाचली आणि तिथेच तासभर अडकले. लेप नसलेला, वर्तमानपत्र छापण्याच्या जातीचा कागद. वजन दर चौरस मीटरला ४० ते ६५ ग्रॅम. पृष्ठभाग ठरावीक मापापेक्षा खरखरीत. आणि मुख्य अट अशी की एकूण तंतूंपैकी निदान ५० टक्के तंतू लाकडाचे, तेही यांत्रिक किंवा रासायनिक-यांत्रिक पद्धतीने काढलेले हवेत. आधीच्या आवृत्त्यांत ही अट ६५ टक्क्यांची होती.

आता इजिप्त पाहा. वरच्या नाईलच्या काठी, किना प्रांतातल्या कूस गावात कागदाची मोठी गिरणी आहे. तिच्या नावातच न्यूजप्रिंट होतं. कच्चा माल म्हणजे शेजारच्या साखर कारखान्याचा बगॅस, उसाचा रस काढल्यावर उरलेला चोथा. आपल्याकडे कोल्हापूर-सांगलीच्या माणसाला बगॅस काय ते सांगावं लागत नाही. पण बगॅस हे लाकूड नाही. ज्या कागदात बगॅसचा वाटा अर्ध्याहून जास्त, तो काहिऱ्यातल्या रोटरी छपाई यंत्रावर चढला आणि त्यावर रोजची बातमी छापली, तरी ४८०१ मध्ये बसत नाही. तो ४८०२ मध्ये जातो, लिहिण्या-छापण्याच्या इतर बिनलेपाच्या कागदांच्या गर्दीत. तिथून तो वेगळा काढता येत नाही.

म्हणजे इजिप्तची ४८०१ ची ओळ पाहून देशाच्या वर्तमानपत्रांचा हिशेब लावायला गेलं, तर निम्मीच गोष्ट हाती येईल. कूसचा देशातच खपलेला कागद व्यापाराच्या आकड्यात नाही हे ठीक, तो यायलाच नको. पण सीमा ओलांडून गेलेलाही त्यात दिसणार नाही.

निर्णय: मुख्य संच ४८०१ चाच. इजिप्तला नकाशावर वेगळी खूण. ४८०२ मिसळायचं नाही. वह्या, पाठ्यपुस्तकं, फोटोकॉपीचा कागद असं सगळंच त्यात आहे.

१५ जून

दिवसभर देशांच्या कोडची साफसफाई. जुना सुदान ७३६, दक्षिण सुदान ९ जुलै २०११ ला वेगळा झाल्यावर उरलेला सुदान ७२९, दक्षिण सुदान ७२८. इरिट्रिया १९९३ मध्ये वेगळा झाला आणि इथिओपियाचा कोड २३० चा २३१ झाला. आपलं पहिलं वर्ष १९९५, म्हणून त्याचा त्रास नाही. झाइरचं नाव १९९७ मध्ये बदललं, कोड १८० तोच. स्वाझिलँड २०१८ मध्ये एस्वातिनी झाला, कोड ७४८ तोच. कंटाळवाणं काम, पण चुकलं तर एक अख्खा देश गायब होतो किंवा दोनदा मोजला जातो.

१८ जून

आज जे सापडलं त्याने झोप उडाली.

दक्षिण आफ्रिका, बोट्स्वाना, लेसोथो, नामिबिया आणि एस्वातिनी यांचा सीमाशुल्क संघ १९१० पासूनचा, जगातला सर्वांत जुना. कॉमट्रेडमध्ये २००० पूर्वी हे पाचही देश वेगळे दिसत नाहीत. पाचांचा मिळून एकच कोड, ७११. जे काही दिसतं ते संघाच्या बाहेरच्या जगाशी झालेलं. आतली देवघेव नाही.

म्हणजे डर्बनच्या मेरेबँक गिरणीतलं किंवा म्पुमलांगातल्या एन्गोडवाना गिरणीतलं न्यूजप्रिंटचं रीळ त्या काळात विंडहुकला गेलं असेल, तर जागतिक व्यापाराच्या तक्त्यात त्याची ओळच नाही. सामग्रीवरच्या ताब्याचं बोलणं १९९१ मध्ये ज्या शहरात झालं, त्याच शहरात शेजारच्या गिरणीतून येणारा कागद त्या वर्षीच्या आकड्यांत अदृश्य आहे. आणि ताबा जिथे खराखुरा असू शकतो ते नातं तर हेच: बलाढ्य शेजारी कागद करतो आणि लहान देश त्याच्याकडून घेतो.

आमची मालिका १९९५ पासून सुरू होते, तेव्हा १९९५ ते १९९९ ही पाच वर्षं या पाच देशांपुरती आंधळी आहेत. सेपीचा संचही यावर उपाय नाही, जे मुळात नोंदलंच नाही ते तो कुठून आणणार?

आतेभावाला सांगितलं की ही पाच वर्षं या पाच देशांवर रंग भरायचा नाही. तो म्हणाला, "ताई, मग तिथे शून्य दाखवू?" नाही. कॉमट्रेडमध्ये शून्य लिहिलेलंच नसतं. व्यवहार झाला नाही तरी ओळ नसते, देशाने त्या वर्षी आकडे पाठवलेच नाहीत तरी ओळ नसते, आणि इथे संघाच्या पोटात गडप झालं तरी ओळ नसते. तिन्हीला शून्याचा एकच रंग दिला तर नकाशा खोटं बोलेल. तिन्हीला वेगवेगळ्या खुणा हव्यात.

२१ जून

एकच माल, दोन किमती. निर्यातदार आपल्या बंदरावरची किंमत लिहितो, जहाजभाडं आणि विमा न धरता. आयातदार आपल्या दारात आलेली किंमत लिहितो, भाडं-विमा धरून. दोन्ही बाजू प्रामाणिक असल्या तरी आकडे जुळत नाहीत, आणि जुळायलाही नकोत. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी हा फरक बरीच वर्षं सरसकट १० टक्के धरत असे, अलीकडे त्याने ६ टक्के केला.

आफ्रिकेसाठी सरसकट काहीच चालत नाही. या खंडात १६ देशांना समुद्र नाही. न्यूजप्रिंट हा जड आणि किमतीच्या मानाने स्वस्त माल आहे. त्याच्या किमतीत वाहतुकीचा वाटा औषधांच्या किंवा मोबाइलच्या मानाने कितीतरी मोठा. डर्बनच्या धक्क्यावर १०० डॉलरला असलेला कागद मॉरिशसला जहाजाने जाणं वेगळं आणि झांबियातल्या लुसाकाला ट्रकने सीमानाक्यांच्या रांगा लावत जाणं वेगळं. दोघांनाही ६ टक्के लावले तर झांबियाचा कागद कागदोपत्री स्वस्त होतो. तिथल्या छापखान्याला तो तसा पडत नाही.

दुसरा गुंता केनियाच्या मोंबासा बंदराचा. युरोपातून आलेलं रीळ मोंबासाला उतरून थेट कंपालाला गेलं, तर केनियाच्या दृष्टीने तो नुसता वाटेवरचा माल. त्याच्या व्यापारात तो धरला जात नाही. युगांडा मूळ देशाचं नाव लिहितो. तेच रीळ केनियातल्या व्यापाऱ्याने आयात करून मग युगांडाला विकलं, तर केनिया ते पुनर्निर्यात म्हणून लिहितो, युगांडा मात्र तरीही मूळ देशच लिहितो. केनियाच्या वहीत हा आफ्रिकेतल्या दोन देशांचा व्यापार, युगांडाच्या वहीत युरोपशी.

त्यातच माझी एक चूक पकडली. मी केनियाची निर्यात आणि पुनर्निर्यात यांची बेरीज करत होते. कॉमट्रेडच्या निर्यातीच्या आकड्यात पुनर्निर्यात आधीच असते. केनियाचे सगळे आकडे फुगले होते, तक्ता पुन्हा केला. दीड दिवस गेला, पण आत्ताच दिसलं हे बरं झालं.

२२ जून

काकांना फोन केला. त्यांनी जळगाव जिल्ह्यात वीसेक वर्षं साप्ताहिक चालवलं. त्यांचा कागद बहुतेक नेपानगरचा, भुसावळ-खांडवा मार्गावरून येणारा. १९५६ मध्ये पंडित नेहरूंनी देशाला अर्पण केलेली ती गिरणी सलई आणि बांबूवर चालायची. कोट्याच्या काळात किती पानं काढायची हे संपादकाच्या आधी कागद ठरवायचा, हे त्यांच्या तोंडून लहानपणापासून ऐकत आलेय. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दहा पानांची मर्यादा घालणारं न्यूजप्रिंट धोरण घटनाबाह्य ठरवलं, तो निकाल त्यांना तोंडपाठ आहे.

मी डॉलरचं सांगत होते. ते मध्येच म्हणाले, "पोरी, डॉलर राहू दे. टन किती? पानं टनावर ठरतात."

म्हटलं, काका, किमतीची तुलना हाच प्रकल्प आहे. ते म्हणाले, "असू दे ना. पण संपादकाला सांगताना टन सांग."

बसून हिशेब केला. मोठ्या आकाराच्या वर्तमानपत्राचं पान साधारण ३३ बाय ५५ सेंटिमीटर. सोळा पानी अंकाला असे आठ कागद, म्हणजे जवळपास १.४५ चौरस मीटर. कागद ४५ ग्रॅमचा असेल तर एक अंक ६५ ग्रॅमचा. वाया जाणारा सोडला तर एका टनात सुमारे १५,३०० अंक. ४८.८ ग्रॅमचा कागद घेतला तर तेवढ्याच टनात सुमारे १४,१०० भरतात. नुसत्या ग्रॅमेजने, म्हणजे चौरस मीटरमागच्या वजनाने, टनामागे बाराशे अंकांचा फरक पडतो, आणि डॉलरच्या तक्त्यात तो कुठेच दिसत नाही.

काकांचं बरोबर आहे. किमतीच्या शेजारी टनांचा कॉलम जोडतेय.

२६ जून

टनांचा कॉलम आल्याबरोबर घाण वर आली. किमतीला वजनाने भागलं की टनाचा भाव निघतो, आणि काही ओळींत तो अशक्य येतो. किलोच्या जागी टन लिहिले की भाव हजारपट चढतो, उलट झालं की मातीमोल होतो. २०० डॉलरखालचा आणि २,००० डॉलरवरचा भाव असलेल्या ओळी वेगळ्या काढून एकेक तपासतेय. थेट पुसत नाही. छोट्या देशाने विमानाने थोडासा कागद मागवला असेल तर भाव खरोखरच जास्त असू शकतो.

काळाचीही भानगड आहे. १९९४ ते १९९५ मध्ये जगभर न्यूजप्रिंटचे भाव भराभर चढले. आमचं पहिलंच वर्ष महागाईचं. १९९५ शी तुलना केली की पुढची काही वर्षं व्यापार आटल्यासारखा दिसतो; टन पाहिले तर तेवढी घसरण नाही.

आणि १२ जानेवारी १९९४. त्या दिवशी पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या १३ देशांच्या सीएफए फ्रँकची किंमत फ्रेंच फ्रँकच्या तुलनेत निम्मी केली गेली, ५० ला एक होता तो १०० ला एक झाला. डाकार किंवा आबिजानमधल्या वर्तमानपत्राला बाहेरून येणारं रीळ रातोरात दुप्पट फ्रँकना पडू लागलं. डॉलरच्या तक्त्यात मात्र त्या रिळाची किंमत हलत नाही. तक्ता पाहणाऱ्याला वाटेल काही घडलंच नाही. त्यावर वर्षभरात जागतिक भाव चढले, म्हणजे हा दुसरा तडाखा. सेनेगल, कोत दिव्वार, कॅमेरून यांच्या १९९५ च्या आकड्याखाली ही टीप ठळक घालायची. मी या प्रकल्पात बाकी काही सोडून देईन, ही टीप सोडणार नाही.

३० जून

निर्यात नाही असे देश नकाशावर एकसारखे दिसतात. ते एकसारखे नाहीत.

नायजेरियाने न्यूजप्रिंटमध्ये स्वावलंबी व्हायचं ठरवून ओकु-इबोकुला कारखाना उभारला. १९८६ मध्ये तो सुरू झाला, क्षमता वर्षाला एक लाख टनांची. लगद्यासाठी देशात ग्मेलिनाची लागवड केली होती. ग्मेलिना म्हणजे आपली शिवण. सह्याद्रीत आणि विदर्भाच्या जंगलात दिसणारं झाड नायजेरियात कागदासाठी रांगांनी लावलं गेलं, हे वाचून मला एकदम जवळचं वाटलं. पण शिवणीचा तंतू आखूड. कागद रोटरीवर फाटू नये म्हणून लांब तंतूचा लगदा मिसळावा लागतो, आणि तो आयातीचा. परकीय चलन आटलं तेव्हा आयात थांबली आणि १९९० च्या दशकात कारखाना बंद पडला. मग देश पुन्हा पूर्णपणे आयातीच्या रिळावर.

केनियात वेबुये गावची पॅनपेपर ही कागद गिरणी. सरकार, जागतिक बँक गटातली आंतरराष्ट्रीय वित्त संस्था आणि आपल्याकडची बिर्लांची ओरिएंट पेपर यांनी मिळून उभारलेली. जानेवारी २००९ मध्ये बंद पडली, २०१६ मध्ये राय समूहाकडे गेली. झिम्बाब्वेत मुतारेची गिरणी पूर्वेच्या डोंगरातल्या लागवडीच्या जवळ, मोझांबिकच्या सीमेला लागून. देशाचा न्यूजप्रिंट तिथे व्हायचा.

आता नकाशावर नायजेरियाची निर्यात नाही आणि चाडचीही नाही. एकाने प्रयत्न केला आणि तो मोडला, दुसऱ्याकडे तसा कारखाना कधीच नव्हता. व्यापाराच्या आकड्यात हा फरक नाही. अन्न व कृषी संघटनेचा उत्पादनाचा कॉलम शेजारी लावला तर तो दिसतो. पण त्या मालिकेत अनेक वर्षांच्या आकड्यांपुढे अंदाजाची खूण असते, ती खूण आपल्या तक्त्यातही जशीच्या तशी ठेवायची.

३ जुलै

या सगळ्या गोंधळात एक स्वच्छ ओळ हवी होती, जिच्यावर पद्धत तपासून घेता येईल. मॉरिशस सापडला. बेट आहे, न्यूजप्रिंट बनवत नाही, शेजाऱ्याच्या बंदरावर अवलंबून नाही. पोर्ट लुईस हे एकच दार. वर्तमानपत्रांची परंपरा जुनी: ल मॉरिसियाँ १९०८ पासूनचं, लेक्सप्रेस १९६३ पासूनचं. आपली मराठी माणसंही तिथे पिढ्यानपिढ्या आहेत, हा माझ्यापुरता वेगळा आनंद.

मॉरिशसने लिहिलेली आयात एका बाजूला आणि त्याला विकणाऱ्या देशांनी लिहिलेली निर्यात दुसऱ्या बाजूला ठेवून वाहतुकीचा फरक काढतेय. त्यावरून समुद्राने येणाऱ्या मालासाठी आमचा स्वतःचा टक्का ठरेल. समुद्र नसलेल्या १६ देशांसाठी वेगळा टक्का लागणार, तो मॉरिशसवरून काढता येणार नाही.

६ जुलै

रात्री उशिरा लक्षात आलं: कोरा कागद नाही गेला, पण छापलेला गेला तर?

२००५ पासून द झिम्बाब्वियन हे वर्तमानपत्र देशाबाहेर छापून झिम्बाब्वेत पाठवलं जायचं, दक्षिण आफ्रिकेतून ट्रकने. मे २००८ मध्ये, राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीच्या दुसऱ्या फेरीआधी, साठ हजार प्रती घेऊन निघालेला ट्रक अडवून जाळला गेला. त्यानंतर परदेशी वर्तमानपत्रांवर चैनीच्या वस्तूंसारखा आयात कर लावला गेला. तो सगळा कागद सीमेवर न्यूजप्रिंट म्हणून पोचतच नव्हता. तो ४९०२, म्हणजे छापील वर्तमानपत्रं आणि नियतकालिकं.

सरकारच्या हातात ४८०१ चा नळ असतो तसाच ४९०२ चाही. म्हणून ४९०२ चा एक वेगळा, लहान तक्ता करतेय, मुख्य बेरजेत न मिसळता. झिम्बाब्वेपुरता तो २००५ ते २०१० या वर्षांचा. आतेभाऊ म्हणाला, काम वाढतंय. वाढू दे.

१० जुलै

आज दोघं बसून नकाशाचं ठरवलं.

रंग किमतीचा, पण त्या त्या देशाच्या लोकसंख्येला भागून. एकूण रक्कम दाखवली तर नायजेरियापुढे मॉरिशस ठिपकाही उरत नाही. देशावर बोट ठेवलं की टन, टनाचा भाव आणि त्या टनांत सोळा पानी किती अंक निघतील हे तिन्ही दिसावं. अंकांचा आकडा ४५ ग्रॅम धरून, आणि तसं तिथेच लिहून.

रेषांची जाडी आफ्रिकेतल्या देशांच्या आपसातल्या व्यापाराची. ज्या रेषेची नोंद दोन्ही देशांनी केलीय ती सलग. एकानेच केलीय ती तुटक. केनिया-युगांडा बहुतेक तुटक येणार, डर्बनहून उत्तरेला जाणाऱ्या काही सलग. १९९९ पर्यंत दक्षिण आफ्रिकेच्या संघातले पाच देश राखाडी पट्ट्यांत, आत कुठलीही रेषा नाही, आणि विंडहुकवर एक ठिपका.

आतेभावाने विचारलं, "ठिपक्यावर काय लिहू, ताई?"

"३ मे १९९१. आणि खाली, या वर्षीच्या कागदाची नोंद नाही."

तो म्हणाला, नकाशा तर १९९५ पासून सुरू होतो. खरं आहे. तरी ठिपका राहील. उद्या ४८०१ च्या २००० नंतरच्या नामिबियाच्या ओळी उघडायच्या, पहिल्यांदा दिसणारं वर्ष कोणतं आणि पुरवणारा कोण ते पाहायचं.